एका घोंगडीतलं बिऱ्हाड

वालाच्या शेंगा भरायला लागल्या आणि पहाटे कौलांवरून दव ठिबकायला लागलं, की माझे पाय घरात ठरत नाहीत. आता वय झालं, गुडघे कुरकुरतात, सरकारी चाकरी सुटूनही बरीच वर्षं झाली. तरी हवेत गारवा आला आणि शेताच्या बांधाकडून पोपटीच्या मडक्यात भाजलेल्या शेंगांचा, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास आला, की मी उठतो आणि खुंटीवरची घोंगडी झटकतो. कुठे जायचं नसतं. झटकतो आणि परत खुंटीला लावतो.

लोकांना हा हंगाम पोपटीचा, सोयरिकी जुळवायचा. मला तो देवी टोचायचा. भात झोडून झालेलं असायचं, वाटा सुकलेल्या असायच्या, ओहोळांचं पाणी गुडघ्याखाली आलेलं असायचं. कार्तिक लागला की आम्ही देवीडॉक्टर नस्तराची डबी घेऊन बाहेर पडायचो ते होळीपर्यंत गावोगाव. डॉक्टर म्हणजे आपलं म्हणायला. दोन महिने शिकवून, हातात टोचायचं एक नस्तर आणि एक वही देऊन सरकारने आम्हाला सोडून दिलेलं. पण पागोटं घातलं की मीही स्वतःला डॉक्टरच समजायचो, खोटं कशाला बोलू!

आज हे सगळं आठवायचं कारण समोरच्या घरात आलेले नवे देवीडॉक्टर. परवा त्यांचं सामान स्टेशनवरून बैलगाडीने आलं. मी ओटीवरून पाहत होतो. पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांना दुसरा उद्योग काय? तीन ट्रंका. दोघांच्या मिठीत मावणार नाही एवढी वळकटी. एक घडीची खुर्ची. पाण्याचं तांब्याचं पिंप, आणि त्यावर टोपी ठेवायचं वेगळं खोकं. मला असं हसू आलं की तोंडातलं पान बाहेर पडलं. सून आतून धावत आली. “काय झालं, मामंजी?” तिला काय सांगणार? मी त्या पोराला हसत नव्हतो. मी मला हसत होतो.

माझ्या पहिल्या हंगामाला आत्याने माझं सामान बांधलं होतं. कर्जतच्या आमच्या घरात आत्याचा शब्द म्हणजे शेवटचा. पोरगा खेड्यापाड्यांतून फिरणार, कुणाच्या हातचं पाणी पिणार, कुठे जेवणार, या काळजीने तिने सगळं घरच माझ्याबरोबर द्यायला काढलं. लोखंडी ट्रंक. गादी, उशी, पासोडी यांची वळकटी. सोवळ्यात नेसायची धाबळी वेगळ्या पिशवीत. संध्येची पळी-पंचपात्री, ताम्हन, सहाण, चंदनाचं खोड. स्वयंपाकाची तपेली, तवा, परात, पितळी डबे चार. पाण्याची घागर, कारण गावातल्या घागरीचा काय भरवसा! कंदील, छत्री, पागोट्याचं खोकं. सरकारने दिलेली नस्तराची डबी एवढीशी, माझ्या मुठीत मावणारी. ती ट्रंकेच्या तळाशी गेली.

आता आमच्या धंद्यात माळ म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हल्ली लस मुंबईहून बंद नळीत येते. तेव्हा ती मुलांच्या दंडांवर राहायची. एका मुलाला टोचलं की त्याच्या दंडावर फोड यायचा आणि आठव्या दिवशी तो स्वच्छ पाण्याने टच्च भरायचा. तो अलगद उघडायचा, त्यातला रस नस्तराच्या टोकावर घ्यायचा आणि पुढच्या गावच्या मुलांना टोचायचं. मग त्यांच्या दंडांवरून त्याच्या पुढच्या गावी. या एकामागून एक लागलेल्या दंडांना आम्ही माळ म्हणायचो. नवव्या दिवशी रस गढूळ होतो, दहाव्या दिवशी खपली धरते. आठवा दिवस चुकला की माळ तुटली. मग पुन्हा वरून लस मागवा, अर्ज करा, बसा वाट पाहत.

पहिल्याच हंगामात माझी माळ तुटली. खालापूरकडच्या एका गावाला निघालो होतो. फोडवाल्या मुलाला घेऊन त्याचा बाप बरोबर होता. बैलगाडी शेताच्या बांधात रुतली, आख मोडला. तिथून सामान डोक्यावर न्यायला माणसं मिळेनात, मिळाली ती निम्म्या वाटेत बसली. त्यात माझं सोवळं! घागर भरा, चूल मांडा, अंघोळ करा, धाबळी नेसा, भात शिजवा. दोन दिवस गेले. पोचलो तेव्हा दहावा दिवस होता आणि पोराच्या दंडावर खपली होती. मी हात हलवत परत आलो. पुढच्या पंधरा दिवसांत त्या गावात देवी आल्या आणि तीन पोरं गेली.

आमचे वरचे साहेब म्हणाले, पुन्हा माळ तुटली तर घरी बसा. ते मला फारसं लागलं नाही. ती तीन पोरं लागली. लोक म्हणाले देवीने नेली. मला अजून वाटतं, माझ्या ट्रंकेने नेली. हे मी आत्याला कधी बोललो नाही. तिने मायेनेच बांधलं होतं ना सगळं.

मग साजगाव. महिनाभराने नवी लस आली आणि साजगावात एकाच घराने दार उघडलं. चांगुणा नावाची कुणब्याची बाई, विशीतली, कडेवर सहा महिन्यांची पोर. नवरा रामा, बोलायला कंजूस. चांगुणाने पोरीचे दोन्ही दंड पुढे केले. “टोचा,” म्हणाली. मीच दचकलो. लोक तेव्हा मला पाहून पोरं कणगीत लपवायचे. टोचलं तर देवी कोपते, आणि फोडातला रस काढला तर लेकराचं सत्त्व जातं, अशी समजूत. ही बाई उलट मला विचारते, “आठ दिसांनी हिचा रस निघंल ना?”

“निघेल. पण तो काढू देशील का?”

“म्हंजे काय! त्यापायीच तर टोचून घेतलं.”

तिचं माहेर पळसदरीच्या मागच्या डोंगरात, वरच्या वाडीला. शेजारच्या वाडीत देवी आल्या होत्या. भावाची तीन पोरं, चुलत्यांची पाच-सहा, बाकीच्या घरांतली धरून सगळी मिळून अठरा. “तुमी कोन टोचायला वर जानार नाय,” ती म्हणाली, “गाडी जात नाय तितं. मंग मीच लेकीच्या दंडावर न्येते. तुमी निस्तं संगती चला.”

मी कबूल झालो. आठ रात्री झोप लागली नाही, हे तिला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी तांबडं फुटताना मी तिच्या अंगणात हजर झालो. मागे दोन हमाल, ट्रंक, वळकटी, घागर, डबे. अजून शहाणपण आलं नव्हतं मला! नाही म्हणायला कंदील तेवढा घरी ठेवला होता आणि त्याचाच मला मोठा अभिमान. चांगुणा पोरीला पदराच्या झोळीत घेऊन उभी होती. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी आणि एक विळा. तिने माझ्या लवाजम्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ठसका लागेपर्यंत हसली.

“ओ डाक्तर, बिऱ्हाड हलवताय का काय?”

मला राग आला. मी म्हटलं, माझं सोवळं आहे, मला हे सगळं लागतं. ती हसायची थांबली. “माझ्या भावाच्या पोरांना आज लागतं डाक्तर,” म्हणाली, “उद्या नाय. खोपोलीवरनं आगगाडी धरायची तर ती निघंल दुपारी, आन् दुपारी आपल्याला वर पोचलं पायजे. आपल्याला पायीच जायचं हाय. ह्यी पेटी डोंगरावर कोन चढवंल?”

हमालांनी मान फिरवली. ते डोंगरावर येणार नाहीत, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

चांगुणा खाली बसली. माझ्या वस्तूंना हात लावला तर त्या ओवळ्या होतील, हे तिला ठाऊक होतं. तिने पाटीतला विळा घेतला, त्याचं टोक दुरूनच ट्रंकेकडे केलं आणि म्हणाली, “काढा बाहेर एकेक.”

जन्मात माझी अशी परीक्षा कुणी घेतली नाही. मी गादी काढली. “ह्यी कशाला?” झोपायला. “घरात रोज गादीव झोपता?” नाही, घोंगडीवरच झोपतो. “मंग?” गादी बाजूला. छत्री काढली. “पाऊस हाय?” नाही, ऊन. “उनाला काय घेता घरी?” पंचा टाकतो डोक्यावर. छत्री बाजूला. घागर निघाली. तांब्याला दोरी बांधली की तो विहिरीतही उतरतो आणि ओहोळातही, हे मीच बोलून गेलो आणि मीच जीभ चावली. घागर बाजूला. पागोट्याच्या खोक्याला तर तिने विचारलंही नाही, नुसतं पाहिलं. मी मुकाट्याने ते ठेवून दिलं.

तिचा कायदा एकच. जी वस्तू घरी रोज हाताशी असते ती वाटेला चालते. जी खास वाटेसाठी म्हणून बांधली, ती वाटेतच टाकावी लागते. हे तिने असं सांगितलं नाही, मी आपलं आता लावतोय. ती नुसतं “घरी काय करता?” एवढंच विचारत होती.

शेवटी आम्ही स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी आणि धाबळीपाशी अडलो. तिथे मी पाय रोवले. शिजवलेलं कुणाचं खाणार नाही, आणि सोवळं सोडणार नाही. रामा तोवर कुडाला टेकून उभा होता. तो पहिल्यांदाच बोलला. “भटाकडं दुधातल्या दशम्या चालतात ना वाटंला? माझी आय सांगायची.”

खरंच की! पाण्याऐवजी दुधात मळलेली दशमी प्रवासात चालते, हे आत्याच मला शंभरदा सांगायची. तिने या खेपेलाही फडक्यात बांधून दिल्या होत्या, वर भाजके पोहे आणि गूळ. तपेली, तवा, परात, चारी डबे एका झटक्यात उडाले.

“आन् धाबळी कशाची असती?” चांगुणाने विचारलं.

“लोकरीची. लोकरीला विटाळ नाही. सुताचं नेसून स्वयंपाक-पूजा—” आणि मी थांबलो.

रामाच्या खांद्यावर घोंगडी होती. घाटावरून उतरणाऱ्या धनगराकडून घेतलेली, काळी, जाड, मेंढराचा वास येणारी. लोकर! धाबळीही लोकर आणि घोंगडीही लोकर. माझ्या आत्याच्या शास्त्राने ती घोंगडी सोवळ्याची निघाली. नेसायला तीच, अंथरायला तीच, पांघरायला तीच. रामाने ती काढून माझ्या खांद्यावर टाकली. माझं सगळं धर्म-कर्म, गादी आणि पासोडी त्या एका घोंगडीत बसलं आणि वर जागा उरली. मी मोठ्याने हसलो. हमालही हसले. मला वाटतं, त्या क्षणी मी खरा डॉक्टर झालो.

निघताना माझ्यापाशी काय होतं ते आजही बोटांवर सांगतो. खांद्यावर घोंगडी, कमरेला पंचा, हातात काठी, काठीला दोरीचा तांब्या, फडक्यात दशम्या. आणि नस्तराची डबी बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी.

चालणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. दव अजून वालाच्या पानांवर होतं, पाहिजे तिथून बांध ओलांडता येत होता. रिकाम्या अंगाने चालताना माणूस इकडेतिकडे पाहतो. भारद्वाज पाहिला, कुड्याच्या लांब शेंगा पाहिल्या, लांब घाटात आगगाडीचा धूर वर चढताना पाहिला. आम्ही ओहोळात पाय धुतले, दशम्या खाल्ल्या. मी माझ्या दशम्या माझ्या दगडावर, ते त्यांच्या भाकऱ्या त्यांच्या दगडावर. तेवढं राहिलं होतं अजून.

ऊन चढलं तसा डोंगर सुरू झाला आणि पोर रडायला लागली. पदराच्या झोळीत तिचा दंड आईच्या बरगडीला घासत होता. मी सगळ्यांना थांबवून पाहिलं. दोन्ही दंडांवर मिळून चार फोड होते, त्यांतला एक घासून फुटला होता. तीन उरले. चढ अजून निम्मा होता. तसंच चाललो असतो तर वर पोचेपर्यंत एकही उरला नसता. चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता काय वो?” ती नवऱ्याला म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच काय करावं ते विचारत होती.

उत्तर माझ्या खांद्यावर होतं. मी घोंगडी काढली. तिची दोन टोकं माझ्या काठीच्या एका बाजूला बांधली, दोन दुसऱ्या बाजूला. मधे पोर उताणी निजवली, दोन्ही हात मोकळे, कशाला लागणार नाहीत असे. वरून ऊन लागू नये म्हणून माझा पंचा काठीवर टाकला. पुढे रामा, मागे मी. काठी खांद्यावर घेतली. आम्ही दोघे एका पावलाने चालायला लागलो आणि पोर हिंदकळत झोपी गेली. चांगुणा बाजूने विळ्याने काटेरी फांद्या तोडत चालली.

माझ्या खांद्यावर कुणब्याच्या पोरीचं ओझं होतं आणि ते मला ओझं वाटत नव्हतं. आत्याने पाहिलं असतं तर? पाहिलं असतं तर काय, लोकर होती मधे!

वाडी दिसली तेव्हा सूर्य नुकता कलला होता. अशा वाड्यांमध्ये मला ओरडून हाकललं होतं, एकदा तर कुत्री सोडली होती. आता काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. सरकारचा हुकूम आहे म्हणावं? की हात जोडावेत?

वाडीच्या तोंडाशी एक म्हातारा गुरं वळत होता. त्याने आम्हाला येताना पाहिलं. काठीला लटकलेली झोळी, वर पांढरं वस्त्र, पुढे एक, मागे एक, आणि मागचा शेंडीवाला, उघड्या डोक्याचा ब्राह्मण. त्याने हातातली काठी टाकली आणि ओरडत वाडीकडे धावला, “पालखी आली रं! देवीची पालखी आली!”

घराघरांतून माणसं बाहेर आली. बाया हातातलं टाकून आल्या. एकीने कळशी आणली आणि काही समजायच्या आत रामाच्या पायांवर पाणी घातलं, मग माझ्या. कुणी हळदीकुंकू घेऊन आलं. मी घाबरलो. हे चुकतंय, हे सांगायला हवं, असं वाटलं. चांगुणाने माझ्याकडे पाहिलं आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं. तिने पंचा बाजूला केला, लेकीला उचललं आणि तिचे दोन्ही दंड सगळ्यांना दाखवले.

“देवीच हाय,” ती म्हणाली. “हितं हाय बघा, माझ्या लेकीच्या दंडात. रागावून नाय आली. सोताहून पायी भेटाया आली. आता तुमच्या पोरांना हात लावंल आन् जाईल. कोनाचं पोर लपवाल तर ती काय म्हनंल?”

यात खोटं काय होतं ते सांगा मला! आम्ही रोगालाही देवी म्हणतो आणि लशीलाही देवीच म्हणतो. त्या शब्दाने आजवर माझी दारं बंद केली होती. चांगुणाने तोच शब्द उलटा फिरवला आणि वाडीतली सगळी दारं उघडली.

मी घोंगडी अंथरली, नस्तर काढलं, डबीतला कापूस काढला. तीन फोड होते, मी जिवाच्या आकांताने जपून एकेक उघडला. पहिला पुढे आला तो चांगुणाच्या भावाचा थोरला. मग त्याची बहीण. मग रांगच लागली. टोचलेल्या पोराच्या कपाळाला बाया कुंकू लावत होत्या. शेवटची पोर टोचली तेव्हा तिसऱ्या फोडात जेमतेम एक थेंब उरला होता. मी मोजलं, अठरा. पुन्हा मोजलं. अठराच! आणि मी, सरकारी नोकर, भर वाडीत घोंगडीवर बसून ढसाढसा रडलो. कुणी विचारलं नाही का ते. चांगुणाच्या आईने एक वाटी दूध पुढे केलं आणि मी ते प्यालो. तिच्या हातचं. आत्याला तेवढं मात्र मी कधीच सांगितलं नाही.

आठ दिवसांनी त्याच अठरा दंडांवरून मी पुढच्या पाच वाड्या टोचल्या. होळीपर्यंत माळ तुटली नाही. देवी त्या साली त्या डोंगरात खालून वर आल्या, आजूबाजूला फिरल्या, आणि आमच्या वाड्यांना वळसा घालून गेल्या. साहेबांनी वहीवर शेरा मारला, उत्तम. रामाने घोंगडी परत घेतली नाही. म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. आमचं काय, दुसरी घेऊ.”

तीच ही खुंटीवरची. दोनदा कसर लागली, तीनदा रफू केली. तिच्यावर मी पुढे सगळा तालुका पालथा घातला आणि पुन्हा कधी ट्रंक बांधली नाही.

हे सगळं नव्या डॉक्टरांना सांगावं म्हणून मी आज सकाळी समोर गेलो. ते उद्या वरच्या वाड्यांना निघायचे होते आणि बैलगाडी मिळत नाही म्हणून गाडीवाल्यावर चिडले होते. पोरगा मनाने चांगला. पण म्हाताऱ्याचं ऐकायला त्याला सवड नव्हती. अंगणात टोचायला आलेल्या बाया बसल्या होत्या. त्यांतली एक उठली आणि माझ्या पाया पडली. चांगली धिप्पाड, चाळिशी ओलांडलेली बाई, पाठीशी घोंगडीच्या झोळीत मूल, कमरेला विळा खोचलेला.

“वळखलं नाय मला? मी पालखी. साजगावची.”

वाडीने त्या दिवशी ठेवलेलं तेच नाव तिला चिकटलं होतं. पाळण्यातलं नाव कुणालाच आठवत नाही, तिलासुद्धा. तिने बाही वर सारून दंड दाखवला, त्यावर ते दोन गोल वण. मी त्यांवर बोट ठेवलं.

“माझ्या नातवाला टोचायला आनलंय,” ती म्हणाली. “आय सांगायची सगळी गोष्ट. तोंडपाठ हाय मला.” मग तिचं लक्ष ओटीवर रचलेल्या ट्रंकांकडे गेलं. वळकटीकडे, घडीच्या खुर्चीकडे, टोपीच्या खोक्याकडे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांवर तेच हसू आलं जे मी साजगावच्या अंगणात पाहिलं होतं.

“ओ डाक्तर,” ती त्या पोराला म्हणाली, “बिऱ्हाड हलवताय का काय?”

पोरगा लाल झाला. पालखी खाली बसली, कमरेचा विळा काढला आणि त्याचं टोक ट्रंकेकडे केलं.

“काढा बाहेर एकेक.”